परक्या पंगतींतलें पान

आजकाल सुशिक्षित कुटुंबांतून दर वर्षीं एखादें तरी मूल उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जातें, आणि तें जाण्यापूर्वीं महिनाभर त्या घराच्या स्वयंपाकघराला लगीनघाईचें रूप येतें. भाजणी दळून येते, मेतकूट कुटलें जातें, गोड्या मसाल्याच्या पुड्या दुहेरी पिशव्यांत बांधल्या जातात, आणि विमानकंपनीनें ठरवून दिलेल्या २३ किलोंत पुस्तकें किती व पापड किती, याविषयीं घरांत दोन पक्ष पडतात. मूल एकदां तिकडे पोंचलें, कीं रोज रात्रीं दूरध्वनीच्या पडद्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तो अभ्यासाचा नव्हे, तर "जेवलीस का? काय जेवलीस?" हा. या प्रश्नांतील माया खरीच आहे. परंतु तिच्या पोटांत एक भीतिही असते. अन्न बदललें कीं माणूस बदलेल, आणि माणूस बदलला कीं तो आपला राहणार नाहीं, अशी ती भीति होय. तिचा थोडा विचार करावा, हा या लेखाचा हेतु आहे.

परदेश हा शब्द फार मोघम आहे. लंडनांतील विद्यार्थ्याचें जेवण निराळें, जपानांतील निराळें. म्हणून मी एकाच देशाविषयीं, व त्यांतही मुख्यतः एकाच गांवाविषयीं लिहिणार आहे. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या जर्मनींतील ग्यॉटिंगेन येथील विद्यापीठांत वनशास्त्राचें अध्ययन करते. गेल्या वर्षीं वैशाख-ज्येष्ठांत सहा आठवडे मला तेथें राहण्याचा योग आला. जर्मनीच निवडण्यास दुसरेंही एक कारण आहे. त्या देशांतील परदेशी विद्यार्थ्यांत पूर्वीं चिनी विद्यार्थी सर्वांत अधिक असत. २०२२-२३ मध्यें तें पहिलें स्थान भारतीयांकडे आलें, आणि २०२३-२४ च्या हिवाळी सत्रांत त्यांची संख्या सुमारें ४९,००० होती. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाहीं, हें त्याचें एक उघड कारण आहे. तेव्हां वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी त्या देशांत असेल, किंवा जाण्याच्या तयारींत असेल.

ग्यॉटिंगेन हें नांव संस्कृताच्या अभ्यासकांस नवें नाहीं. १७३७ मध्यें उघडलेल्या या विद्यापीठांत डॉ. फ्रान्त्स कीलहॉर्न हे १८८२ पासून १९०८ मध्यें निधन होईपर्यंत संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यापूर्वीं १८६६ पासून १८८१ पर्यंत ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत होते. आणि पुण्याच्या शास्त्र्यांपाशीं बसून त्यांनीं व्याकरणाचें जें अध्ययन केलें, त्याचें मोठें फळ म्हणजे पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस याच विद्यापीठानें १८८५ मध्यें सन्मान्य पदवी दिली. म्हणजे एके काळीं जर्मन विद्वान आमच्या गांवीं येऊन आमच्या शास्त्र्यांचा शिष्य झाला. आज आमच्या मुली त्याच्या गांवीं जाऊन शिकत आहेत. विद्येची ही देवाणघेवाण जुनीच आहे. नवें आहे तें इतकेंच, कीं आतां ती जेवणाच्या पानापर्यंत पोंचली आहे.

आणि पानाची गोष्ट आमच्या समाजांत कधींच लहान नव्हती. समुद्रयान हें द्विजांस कलिवर्ज्य ठरविलेलें होतें, व त्याच्या मुळाशीं लाटांच्या भयापेक्षां परान्नाचें भय अधिक असावें असें दिसतें. १८९० मध्यें पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें कांहीं मंडळींनीं चहा घेतला. त्यांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखे पुरुष होते. त्या एका पेल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद कशी गेली आणि प्रकरण प्रायश्चित्तावर कसें आलें, हें सर्वश्रुत आहे. ज्यांनीं ती बातमी चव्हाट्यावर आणली, ते गोपाळराव जोशी म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पति. स्वतः आनंदीबाई १८८३ मध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, अमेरिकेस गेल्या त्या आपला आचार सोडावयाचा नाहीं असा निश्चय करून. १८८६ च्या मार्चमध्यें त्यांनीं फिलाडेल्फियास वैद्यकीची पदवी मिळविली. परंतु तेथील कडाक्याची थंडी व न मानवणारा आहार यांनीं त्यांची प्रकृति ढांसळली, क्षयानें त्यांस ग्रासलें, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांच्या वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या निश्चयाविषयीं आदर वाटणार नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु परदेशीं विद्यार्थ्यानें काय खावें हा प्रश्न जिभेच्या चोचल्याचा नसून जिवाचा आहे, हेंही त्याच चरित्रावरून कळतें.

आतां प्रत्यक्ष पानाकडे वळूं. जर्मन गृहस्थाचें ऊन जेवण परंपरेनें दुपारचें. रात्रीं चूल पेटत नाहीं. संध्याकाळीं सहा-सातच्या सुमारास टेबलावर प्रत्येकासमोर लहानशी लांकडी फळी मांडतात. मध्यें पाव, लोणी, दोन-तीन जातींचें चीज, मुळे, टोमॅटो, खारवलेल्या काकड्या आणि आपल्या चक्क्यासारखा 'क्वार्क' नांवाचा पदार्थ असतो. मांसाहारी घरांत मांसाचे कापही असतात. या जेवणाचें नांवच 'आबेंडब्रोट', म्हणजे संध्याकाळचा पाव. आजच्या नोकरीच्या धांवपळींत कित्येक घरांत ही रीत उलटी झाली आहे, पण मोडलेली नाहीं. आपल्याकडील मुलास हें पाहून प्रथम वाटतें, कीं हें जेवण नव्हे, हा तर उपास! वरणभाताची वाफ नाहीं, फोडणीचा वास नाहीं, वाढणारें कोणी नाहीं. परंतु चार दिवस धीर धरला, तर पावाची ओळख होऊं लागते.

आमच्या मनांत पाव म्हणजे पांढरा, फुसफुशीत, चहांत बुडवून खावयाचा पदार्थ. जर्मन पाव बहुतेक काळसर, जड आणि चावून खावयाचा. त्यांत 'राय' नांवाचें धान्य असतें. थंड व हलक्या जमिनींत जेथें गहूं नीट येत नाहीं तेथें हें धान्य येतें. आपल्याकडे कोंकणच्या डोंगरउतारावर नाचणीची जी योग्यता, तीच तिकडे रायची. या पिठास गव्हाचा चिवटपणा नाहीं, म्हणून तें आंबवावें लागतें. आदल्या आंबवणांतील थोडें राखून ठेवून त्यानें पुढचें पीठ आंबवावयाचें, ही त्यांची रीत पाहून कोणत्याही महाराष्ट्रीय गृहिणीस विरजणाची आठवण होईल. वेस्टफालिया प्रांतांत 'पुंपरनिकेल' नांवाचा पाव मंद आंचेवर सोळा तासांहून अधिक वेळ भाजतात; तेवढ्यानेंच त्यास काळा रंग व गोडसर चव येते. जर्मन पावांच्या नोंदवहींत ३,००० हून अधिक प्रकार दाखल आहेत, आणि २०१४ मध्यें त्या देशानें आपल्या पावाच्या परंपरेस राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. ज्या लोकांनीं साध्या भाकरीवर इतकें प्रेम केलें, त्यांस भाकरीच्या देशांतून आलेल्या मुलानें परके कां मानावें?

दुपारचें जेवण विद्यार्थी 'मेंझा'मध्यें घेतात. मेंझा हा शब्द लॅटिन. अर्थ नुसता 'टेबल'. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींत विद्यार्थ्यांची उपासमार होऊं लागली, तेव्हां विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या हितचिंतकांनीं मिळून स्वस्त भोजनालयें चालविलीं. त्यांतून पुढें ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्याच आज बहुतेक विद्यापीठांच्या गांवीं भोजनालयें व वसतिगृहें चालवितात. सरकारी साहाय्य असल्यामुळें विद्यार्थ्यास दोन-चार युरोंत पोटभर जेवण मिळतें. तबक घ्यावें, रांगेंत उभें राहावें, आपल्या पदार्थासमोर थांबावें, विद्यार्थ्याचें कार्ड यंत्रास लावून पैसे द्यावे, जेवण झाल्यावर तबक सरकत्या पट्ट्यावर ठेवावें. प्राध्यापकही त्याच रांगेंत उभे असतात. पंगतीची शिस्त म्हणतात ती हीच. फक्त येथें आग्रह करणारे यजमान नसतात, म्हणून कोणाशेजारीं बसावयाचें तें आपणच ठरवावें लागतें. माझी पुतणी सांगे, कीं पहिल्या महिन्यांत तिनें व्याख्यानांतून जें जर्मन शिकलें, त्याहून अधिक या टेबलावर शिकलें. दुपारीं ओळखीचा मनुष्य भेटला तर तेथें पुष्कळ जण नमस्काराऐवजीं 'मालत्साइट', म्हणजे 'जेवणवेळ', असें म्हणतात. जेवण हेंच ज्यांचें अभिवादन, त्यांच्याशीं बोलण्यास दुसरा विषय शोधावा लागत नाहीं.

शाकाहारी विद्यार्थ्यास मात्र कांहीं गोष्टी आधींच माहीत असाव्या. मेंझामध्यें शाकाहारी पदार्थ रोज असतो. परंतु त्या लोकांच्या 'व्हेगेटारिश' या शब्दांत अंडें व दूध दोन्ही बसतात. प्राणिज असें कांहींच नको असल्यास 'व्हेगान' हा शब्द पाहावा. बटाट्याच्या किंवा कोबीच्या भाजींत 'श्पेक' असला, तर तें डुकराचें मांस होय. 'श्माल्त्स' म्हणजे चरबी, आणि ती कधीं कधीं पावांतही असते. जेलीच्या गोळ्यांत व कांहीं मिठायांत 'जिलेटिन' असतें, तेंही प्राणिजच. कित्येक जातींचें चीज वासराच्या जठरांतील विरजणानें केलेलें असतें. त्याऐवजीं सूक्ष्मजंतूंपासून केलेलें विरजण वापरलें असेल, तर तसें वेष्टणावर छापलेलें आढळतें. सूप भाजीचें असलें तरी त्याचा रस मांसाचा असूं शकतो. हें सर्व विचारण्यास संकोच करूं नये. जर्मन मनुष्य स्पष्ट प्रश्नाचा राग मानीत नाहीं. उलट उत्तर नेमकें देतो. घरून सामान बांधणाऱ्यांनींही एक लक्षांत ठेवावें, कीं युरोपीय संघाबाहेरून प्रवाशास दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. तेव्हां तूप, पेढे व खव्याच्या वड्या यांवर जागा दवडूं नये. लोणी तेथें उत्तम मिळतें व तूप घरीं कढवितां येतें.

या पथ्याविषयीं बोलतांना आणखी एका गोष्टीचा उलगडा करावासा वाटतो. बटाटा हा आज जर्मन जेवणाचा आधार आहे; परंतु तो तेथला नव्हे. दक्षिण अमेरिकेंतून तो युरोपांत आला, आणि प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक यानें १७५६ मध्यें तो लावण्याविषयीं खास हुकूम काढला. पोट्सडाम येथें त्याच्या समाधीवर आजही लोक फुलांबरोबर बटाटे ठेवतात. हें वाचून हंसूं येईल. पण आपल्या एकादशीच्या पानाकडे पाहावें. बटाटा, रताळें, शेंगदाणा, हिरवी मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सर्व मूळचे अमेरिका खंडांतले. पोर्तुगीजांच्या काळांत व त्यानंतर ते इकडे आले. 'बटाटा' हें नांवसुद्धां आम्हीं पोर्तुगीजांपासून घेतलें. जें अन्न कांहीं शतकांपूर्वीं सर्वस्वीं परकें होतें, तेंच आज आमच्या उपासाचें अन्न झालें आहे. यावरून आचार निरर्थक आहे असें मी म्हणत नाहीं. आचार जिवंत असला म्हणजे तो नव्याला पारखून आपलें करून घेतो, इतकेंच म्हणतों. तैत्तिरीयोपनिषदाच्या भृगुवल्लींत अन्नाची निंदा करूं नये, हें व्रत म्हणून सांगितलें आहे. आणि तेथें अन्न आपलें कीं परक्याचें, असा भेद केलेला नाहीं.

ऋतूप्रमाणें खाणें ही गोष्ट आपण फक्त आपलीच समजतों, पण तसें नाहीं. मी तेथें होतों तो काळ पांढऱ्या 'श्पार्गेल'चा. ही भाजी म्हणजे आपल्या शतावरीची सख्खी बहीण; वनस्पतिशास्त्र दोघींना एकाच कुलनामानें ओळखतें. आपण शतावरीचें मूळ औषधांत घेतों, ते तिचा कोंवळा कोंब खातात. कोंबास ऊन लागूं नये म्हणून त्यावर मातीचे लांबच लांब वरंबे चढवितात, व कोंब वर डोकावण्यापूर्वींच माती उकरून तो कापतात. म्हणून तो पांढरा राहतो. उकडलेले बटाटे व वितळलेलें लोणी यांबरोबर तो खातात. एप्रिलपासून बाजारांत, उपाहारगृहांत, शेजाऱ्यांच्या बोलण्यांत हाच विषय. आणि परंपरेनें २४ जूनला, संत योहानाच्या दिवशीं, तोडणी बंद! झाडास पुढील वर्षासाठीं विसांवा मिळावा हा हेतु. चातुर्मासांत वांगें वर्ज्य करणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांस हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

हिवाळ्यांत नाताळापूर्वीं चार आठवडे 'अॅडव्हेंट'चे. दर रविवारीं हिरव्या चक्रावर एकेक मेणबत्ती अधिक लावतात; हा प्रघात हॅम्बुर्ग येथें योहान हिन्रिख विखर्न यांनीं १८३९ मध्यें अनाथ मुलांच्या आश्रमांत सुरू केला. त्या दिवसांत न्यूर्नबर्गचे 'लेबकूखेन' व ड्रेस्डेनचा 'श्टोलेन' घरोघर येतात. श्टोलेनची कथा मोठी मौजेची आहे. अॅडव्हेंट हा पूर्वीं उपासाचा काळ, व त्यांत लोणी निषिद्ध. तेलांतला श्टोलेन अगदींच बेचव होई. तेव्हां सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनीं रोमच्या धर्मगुरूंकडे विनंति केली, आणि १४९१ मध्यें लोणी वापरण्याची परवानगी मिळाली. उपासाला काय चालतें यावर धर्मपीठाकडून निर्णय मागविणारे केवळ आपणच नव्हे, हें पाहून मला त्या लोकांविषयीं आपलेपणा वाटला. लेबकूखेनमध्यें लवंग, वेलदोडा, दालचिनी व जायफळ घालतात. त्यांतील वेलदोडा मूळचा आमच्या सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानांतला. पुतणीनें त्याचा पहिला घास घेतला, तेव्हां तिला दिवाळीची आठवण झाली, यांत नवल तें काय?

अन्नाबरोबर रीतिही शिकाव्या लागतात. सर्वांस वाढून होईपर्यंत थांबावें, मग 'गूटेन आपेटीट' म्हणून सुरुवात करावी. जेवणापूर्वीं श्लोक म्हणणाऱ्या घरांतील मुलास हें जड जाऊं नये. घरीं बोलावल्यास वेळेवर जावें आणि फुलें न्यावीं. न कळवितां जाणें हा अगत्याचा नव्हे तर अडचणीचा प्रकार समजला जातो. विद्यापीठांत मात्र वेळेची एक मौज आहे. दहाचें व्याख्यान पुष्कळ वेळां सव्वादहास सुरू होतें, व त्या सवलतीस 'विद्यापीठीय पाव तास' असें नांव आहे. व्याख्यान संपलें, कीं विद्यार्थी टाळ्या न वाजवितां बाकांवर बोटांच्या पेरांनीं ठकठक करतात. रविवारीं दुकानें बंद; १९१९ च्या वायमार राज्यघटनेंतील रविवारच्या विश्रांतीचें कलम १९४९ च्या राज्यघटनेनेंही कायम ठेवलें आहे. त्या दिवशीं कपडे धुण्याचें यंत्र किंवा भिंतींत खिळे ठोकणें शेजाऱ्यांस खपत नाहीं. बाजार शनिवारीं न केला, तर रविवारीं खरोखर उपास घडतो. मग गांव काय करतें? तर चालावयास जातें. ग्यॉटिंगेनच्या जुन्या तटावर दुतर्फा झाडें आहेत. त्या वाटेनें आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे गांवास प्रदक्षिणा घालतात. चौकांत हंसिणी राखणाऱ्या मुलीचा १९०१ मधला पुतळा आहे. डॉक्टरेट मिळविलेला विद्यार्थी मित्रांसह मिरवत येऊन तिला फुलें वाहतो व तिचें चुंबन घेतो. विद्वत्तेच्या शेवटीं एका गुराखी मुलीपुढें नम्र व्हावयाचें, ही कल्पना मला तरी गोड वाटली.

परंतु हें सर्व पाहण्यास खोलीबाहेर पडावें लागतें. आमच्या ओळखीच्या एका घरचा मुलगा दुसऱ्या एका जर्मन शहरांत दीड वर्ष आहे. गुण उत्तम, पण तो खोलींतच भात लावतो, तयार भाज्यांच्या पाकिटांवर निभावतो, आणि त्याचें जर्मन भाषण दुकानदाराच्या नमस्कारापलीकडे गेलेलें नाहीं. मागच्या हिवाळ्यांत तो चार दिवस तापानें पडला, तेव्हां त्याच्या दारावर कोणी थाप मारली नाहीं. शेजारी निष्ठुर होते असें नाहीं. हा मुलगा आजारी आहे हें कळण्याइतकी ओळखच कोणाशीं झालेली नव्हती.

याच्या उलट आमच्या पुतणीचें होतें. पण तिच्याकडे निराळीच अडचण मला दिसली. तिच्या फळीवर मेतकुटाचा डबा होता, आणि आठ महिन्यांत त्याचें झांकण उघडलेलें नव्हतें. रोज रात्रीं मात्र ती माझ्या मातोश्रींना "वरणभात जेवले" असें सांगत असे. मातोश्रींचें वय ८८. कांदा-लसूण त्यांनीं जन्मांत खाल्लेला नाहीं. मी मुलीस विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "काका, नुसता पाव खाल्ला म्हटलं, की आजीला रात्रभर झोप लागत नाही. तिला झोप लागावी म्हणून मी रोज भात शिजवते, तोंडानं."

या उत्तरांत विनोद होता. पण मला हंसूं आलें नाहीं. अन्नामुळें मूल दुरावेल असें भय घरोघर असतें. येथें अन्नानें कांहींच बिघडविलें नव्हतें. दुरावा उत्पन्न होत होता तो त्या रोजच्या लहानशा असत्यानें, आणि तेंही मायेपोटीं बोललेल्या. घरचा प्रश्नच असा असतो, कीं त्याला एकच उत्तर रुचतें. मग मूल तेंच उत्तर पाठ करतें, आणि पुढें पुढें त्या पाठांतराआड त्याचें सगळें खरें आयुष्य लपतें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मुलीनें दूरध्वनि टेबलावर उभा केला. शेजारच्या खोल्यांतील दोघी जर्मन मुली बसल्या होत्या. फळ्यांवर पाव, चीज, मुळे. मातोश्रींनीं बराच वेळ निरखून पाहिलें आणि विचारलें, "ही कशाची भाकरी?"

"रायची, आजी."

"मोहरीची? अग, ती केवढी उष्ण पडेल!"

राय म्हणजे मोहरी नव्हे, हें समजावण्यांत दहा मिनिटें गेलीं. मग पीठ किती दिवस आंबवितात, पाणी कसें घेतात, असे प्रश्न झाले. साठ वर्षें आंबोळ्या घातलेल्या हातांना तेवढें कळल्यावांचून चैन पडेना. शेवटीं त्यांनीं सरळच विचारलें, "मांस खातेस का?" मुलगी म्हणाली, "नाही, आजी. खाणारही नाही, तें माझं मीच ठरवलंय. पण यांच्या घरी केक खाल्ला, त्यात अंडं होतं." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग उत्तर आलें: "मला नाही आवडलं. पण सांगितलंस तें बरं केलंस. आता रोज असंच खरं सांग." त्या दिवसापासून आमच्या घरीं रात्रीचा प्रश्न बदलला आहे. "आज कोणता पाव?" असें मातोश्री विचारतात, आणि मुलगी तासभर बोलते.

देणें-घेणें दोन्ही बाजूंनीं असावें, हेंही मला तेथें दिसलें. किसलेल्या बटाट्याचीं कुरकुरीत धिरडीं करून तीं सफरचंदाच्या मोरांब्यासारख्या रसाबरोबर खाण्याची तिकडे रीत आहे. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरांत एके रविवारीं जर्मन मुलींनीं हीं धिरडीं केलीं आणि आमच्या मुलीनें थालिपिठें लावलीं. भाजणीच्या पिशवीचा खरा उपयोग त्या दिवशीं झाला. मधोमध भोंक कां पाडतात, हा प्रश्न सहा जणींनीं विचारला. एकटीनें खोलीचें दार लावून खाल्लेलें थालिपीठ म्हणजे नुसती घरची आठवण. सहा जणींत वाटलेलें थालिपीठ म्हणजे आपल्या घराची ओळख करून देणें. पहिलें आठ दिवसांत संपतें, दुसरें दीर्घ काळ टिकतें.

मांस, मद्य व अंडें यांविषयीं माझें मत विचाराल, तर जो नियम घेऊन मूल गेलें तो त्यानें पाळावा, असेंच मी म्हणेन. परंतु तो त्याचा स्वतःचा संकल्प असावा. घरच्यांच्या पहाऱ्याचा धाक नसावा. पहाऱ्यानें पाळलेला नियम पहारा सुटतांच सुटतो, आणि सात हजार किलोमीटरवर पहारा ठेवतां येत नाहीं. समजून पाळलेला नियम भर पंगतींतही पाळतां येतो, व तो पाळणाऱ्याविषयीं परक्यांस आदरच वाटतो. नियम सांभाळून जर्मन अन्नांतील किती तरी गोष्टी घेतां येतात: शेंकडों जातींचे पाव, क्वार्क, मिठांत मुरवलेला कोबी, लोण्यांतील श्पार्गेल, उन्हाळ्यांतील लाल फळांची 'रोटे ग्र्युट्से'. नियम सैल करावयाचा, असें ज्याचें ठरेल, त्यानेंही तें घरीं सांगून करावें. आणि वडील मंडळींनीं ऐकण्याची सवय करावी. मत द्यावें, न आवडल्यास तसें म्हणावें. पण खरें बोलण्याची शिक्षा होईल असें वागूं नये.

जाणाऱ्या मुलांनीं पहिल्या महिन्यांत एवढें करावें: मेंझाच्या टेबलावर रोज एका अनोळखी माणसाशेजारीं बसावें, आठवड्यास एक नवा पाव आणावा व त्याचें नांव शिकावें, कोणी जेवावयास बोलावलें तर आपलें पथ्य आधीं कळवून अवश्य जावें, आणि महिन्यातून एकदां तरी आपण चार जणांस जेवूं घालावें. घरचा डबा जपावा, पण तो उघडावा तो दुसऱ्याला देण्यासाठीं. घरच्यांनीं सामानांत भाजणी अवश्य बांधावी. मात्र तिच्याबरोबर 'तेथलें अन्न सुखानें खा, आणि आम्हांला त्याची चव सांग' असा निरोपही द्यावा. त्या निरोपाला वजन नाहीं. २३ किलोंत तो सहज मावतो.